पुरंदर, कऱ्हा, नीरा: बागांमधून जाणारे निवांत सायकल रस्ते सुचवा

रिकामी_बाटली

नमस्कार मंडळी. पुण्यातून सायकलवर बाहेर पडायचं म्हटलं की सिंहगड पायथा, पानशेत नाहीतर लवासा, यापलीकडे आमच्या गटाचं डोकं चालत नाही. या तिन्ही वाटांवर रविवारी सकाळी आता मोटारींची जत्रा असते. म्हणून या मोसमात सासवडला तळ ठोकून पुरंदर तालुका पिंजून काढायचं ठरवलंय. अंजीर-सीताफळाच्या बागा, कऱ्हेचा काठ, खाली नीरेचं खोरं. नकाशावर तरी सगळं आटोपशीर दिसतंय.

अपेक्षा माफक आहेत. साठ-सत्तर किलोमीटरची फेरी, शक्यतो डांबरी रस्ता (माझे टायर २८ मिमी रुंदीचे), ट्रक कमीत कमी आणि मध्ये कुठेतरी बरा चहा. हडपसर-दिवे घाट आणि जेजुरीचा हमरस्ता नको. पालखी मार्गाच्या रुंदीकरणानंतर तिथे गाड्या जो वेग धरतात तो बघवत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो: रस्ता कुठलाही असो, पहाटे साडेपाचला चाक फिरलं की तो निवांतच असतो. तर वेळेचं सोडा, रस्ते सांगा.

घाटमाथा

सासवडच्या चारी बाजूंना चार वेगळी जगं आहेत.

ईशान्येला कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी, सिंगापूर, पुढे गुऱ्होळी आणि राजेवाडी. हा खरा अंजिराचा पट्टा. चढ-उतार बेताचे, रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना बागा. वाघापूरकडे वळलात तर शिंदवणे घाट उतरून उरुळी कांचनला जाता येतं. पण घाटात उतरलात की परत चढायचंही आलं, आणि खाली सोलापूर हायवे वाट बघत असतो.

उत्तरेला सोनोरी. तिथला पानशांचा वाडा बघा. वर मल्हारगड आहे. मराठ्यांनी बांधलेला हा शेवटचा किल्ला, १७५७ ते १७६० मधला. पायथ्यापर्यंत सायकल जाते.

पश्चिमेला कोडीत, गराडे, चांबळी. कऱ्हा गराड्याकडून उगम पावून येते आणि सासवडला संगमेश्वरापाशी तिला चांबळीचा ओढा मिळतो. कोडीत म्हणजे आचार्य अत्र्यांचं जन्मगाव, त्यामुळे तिथे थांबून एखादा विनोद करणं सक्तीचं आहे. इथून नारायणपूरला जाऊ नका, गुरुवारी आणि सुट्टीच्या दिवशी तर अजिबात नाही. एकमुखी दत्त आणि पुढे केतकावळ्याचा बालाजी यांच्यामुळे बसगाड्यांची रीघ असते.

दक्षिणेला परिंचे, वीर, मांडकी. ही नीरेची बाजू. इथे फळबागा तुरळक, पुढे ऊस लागतो, पण रस्ते सगळ्यात मोकळे.

टवाळखोर

एवढे कष्ट करून शेवटी अंजीर विकतच घ्यायचे ना? मार्केट यार्डात मिळतात. पार्किंगही आहे. (हलके घ्या.)

रिकामी_बाटली

@टवाळखोर, तुमच्यासारख्यांसाठीच गटात एक सपोर्ट गाडी ठेवलीये. अंजीर धरून बसायला.

@घाटमाथा, अप्रतिम. वाचनखूण साठवली. कऱ्हेच्या काठाकाठाने जेजुरीच्या पुढे जाता येतं का?

घाटमाथा

येतं. नाझरे धरणाच्या बाजूने जवळार्जुन, तिथून पांडेश्वर, लोणी भापकर, मोरगाव. पांडेश्वरचं देऊळ चुकवू नका, विटांचं जुनं बांधकाम आहे आणि अगदी नदीकाठी आहे. लोणी भापकरला पुष्करणी आणि यज्ञवराहाची मूर्ती. मयूरेश्वराच्या दर्शनाला येणारे मोटारवाले हमरस्त्याने येतात, त्यामुळे या वाटेवर दुचाकी आणि शेळ्या सोडून फारसं कोणी भेटत नाही.

दोन पथ्यं. सोमवती अमावस्येला खंडोबाची पालखी कऱ्हेवर स्नानाला जाते, त्या दिवशी जेजुरी-नाझरे भागात सायकल घेऊन जायचं नाही. आणि माघात वीरच्या म्हस्कोबाची यात्रा असते, कोडीतची पालखी तिकडे जाते, तेव्हा परिंच्याचा रस्ता विसरा.

आता वाऱ्याचं. कऱ्हा पूर्वेकडे वाहते, म्हणजे मोरगावला जाताना उतारही सोबतीला. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा पाठीशी असतो, आपण किती दमदार चालवतोय असं वाटायला लागतं, आणि मग परतताना तोच वारा समोरून हिशेब चुकता करतो. जून ते ऑगस्ट हा रस्ता एकेरीच करावा. मोरगावहून कोणीतरी गाडीने आणायला यावं. इथे @रिकामी_बाटली यांची अंजिराची गाडी कामी येईल.

पंक्चरसम्राट

२८ चे टायर घेऊन कऱ्हेकाठी? शुभेच्छा.

रस्ता डांबरीच आहे, वाद नाही. पण कडेला वेडी बाभूळ माजलीये. शेतकरी कुंपणाला तिच्या फांद्या लावतात, तोडताना काटे रस्त्यावर पडतात, ट्रॅक्टर त्यांना चेपून डांबरात बसवतो. त्यात पावसाळ्यानंतर सराटे. सराटा असा पडतो की एक काटा कायम वर. मी ३२ च्या खाली या भागात जात नाही, ट्यूबलेस आणि आत भरपूर सीलंट (भोक आपोआप बुजवणारं द्रव). ट्यूबवाले असाल तर दोन ट्यूब, पॅचचा डबा, आणि टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधायची सवय. काटा आत राहिला की दुसरी ट्यूबही त्याच जागी जाते.

आणि रस्त्याच्या कडेला उतरून फोटो काढू नका. निम्मी पंक्चरं चालवताना होत नाहीत, सायकल गवतात आडवी टाकल्यावर होतात.

जुनी_खोड

आमच्या काळी एकच गिअर, एकच टायर, पंक्चर सासवडला दोन आण्यात. २८ का ३२ हे कोणी विचारत नसे. हवा भरली की टायर, नाही भरली की रबर.

पंक्चरसम्राट

काका, तुमच्या काळी वेडी बाभूळही इतकी नव्हती.

चिंगी_सायकलवाली

थोडं वेगळं लिहिते. मी बऱ्याचदा एकटी चालवते. इथे सगळे "ट्रक नकोत, माणसं नकोत" म्हणतायत. मला ट्रक नकोत, माणसं हवी आहेत. परिंच्याच्या पुढे काही पट्टे असे आहेत की तीन-चार किलोमीटर कोणी दिसत नाही, फोनची रेंज जाते, आणि एखादी मोटारसायकल मागे हळू झाली की माझी पाठ ताठ होते. याउलट वनपुरी-सिंगापूर भागात बागेत बायका कामाला असतात. तोडणी, निंदणी, काही ना काही चालू असतं. कोणी ना कोणी विचारतं, "कुठनं आला ताई?" हा रस्ता मला निवांत वाटतो. तेव्हा निवांतपणा मोजताना नुसत्या गाड्या मोजू नका.

कुत्र्यांबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून: वस्तीवरची कुत्री अंगावर येतात. जोर मारून पळू नका, उतरा. सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरून चालत जा. हद्द संपली की ती स्वतःच मागे फिरतात. पहाटे अंधारात ती जास्त आक्रमक असतात, कारण रात्रभर राखणीवर असतात.

आणि हो, सोयीचं ठिकाण. गावातली देवळं आणि एसटी थांब्याजवळची हॉटेलं विचारून ठेवा. पुरुषमंडळींच्या रूट मॅपवर हे कधीच नसतं.

घाटमाथा

@चिंगी_सायकलवाली, महत्त्वाचा मुद्दा. +१. आमच्या गटाच्या नकाशात आता हेही टाकायला लागलोय.

बागायतदार_पुरंदर

राम राम. मी याच पट्ट्यातला. गाव सांगत नाही, नाहीतर रविवारी सगळे अंजीर खायला याल.

धागा वाचून थोडी गंमत वाटली. पहिल्या पोस्टमधे लिहिलंय की पहाटे साडेपाचला चाक फिरलं की रस्ता निवांत. आमच्याकडं नेमकं उलटं असतंय साहेब. अंजीर पहाटेच तोडावं लागतं. ऊन चढल्यावर तोडलं तर फळ मऊ पडतं, दबतं, पुढं टिकत नाही. मग बॅटरीच्या उजेडात तोडणी, बांधावरच प्रतवारी, बॉक्स भरायचे आणि पिकअप पुण्याच्या मार्केटला सोडायची. भाव सकाळच्या सौद्याला ठरतो. अर्धा तास उशीर झाला की पैशाला मार. त्यामुळं पाच ते सात या वेळेत या बारक्या रस्त्यावरून पिकअप सुसाट असतात. वळणावर हॉर्न वाजवतील, थांबणार नाहीत. दहाला या, तुम्हाला अख्ख्या रस्त्यावर एक म्हातारा आणि दोन म्हशी दिसतील.

हंगामाचं पण ध्यानात घ्या. अंजिराचे दोन बहार, म्हणजे दोन हंगाम. खट्टा बहार धरला असेल तर माल नोव्हेंबर-डिसेंबरपासून. मीठा बहार साधारण फेब्रुवारी ते मे, आणि तोच मोठा. सीताफळ ऑगस्ट ते नोव्हेंबर, त्यावेळी सासवडचा बाजार आणि दिवे घाटाचा माथा सकाळी क्रेटनी भरलेला असतो. पावसाळ्यात वाटाणा निघतो, तेव्हा परत टेम्पो. म्हणजे रस्ता कुठला यापेक्षा कुठलं फळ कधी निघतंय हे विचारा.

अजून एक. बागेच्या कडेला औषध फवारणी चालू असेल तर तिथं थांबून दम खाऊ नका. ब्लोअरचं तोंड रस्त्याकडं असतंय कधीकधी. लांब थांबा, आमचा माणूस हात करेल मग जा.

रिकामी_बाटली

दंडवत! हे कुठल्याही नकाशात सापडलं नसतं. मग अंजिराच्या दिवसांत साडेआठला निघावं का? नोव्हेंबर ते फेब्रुवारी ऊन सोसवेल.

बागायतदार_पुरंदर

आठला सासवड सोडा. तोवर गाड्या गेलेल्या असतात. मार्च-एप्रिलला मात्र तुम्हाला उन्हाचं बघावं लागेल. तेव्हा दक्षिणेला जा, वीरच्या बाजूला. तिकडं अंजीर तुरळक.

जुनी_खोड

अंजिराला दोन बहार, आणि तिसरा तुमच्या धाग्याला.

टवाळखोर

@बागायतदार_पुरंदर, सायकलवाल्यांनी बांधावरचं एखादं अंजीर तोडलं तर चालतं का? मित्रासाठी विचारतोय.

बागायतदार_पुरंदर

चालत नाही. मागा, देतो. पिशवीभर देतो. न विचारता तोडलेलं एक फळ म्हणजे नुकसान एका फळाचं नाही. देठाशी चिरलं की चीक येतो, फांदीला इजा होते, शेजारचं फळ डागाळतं. तोच चीक तुमच्या बोटाला आणि ओठाला लागला की खाजत बसाल. आमच्याकडं एक बहाद्दर तोंड सुजवून गेला. परत आला नाही.

आणि तुमच्या त्या एनर्जी जेलच्या चंदेरी पुड्या बागेत टाकू नका. मल्चिंगच्या प्लास्टिकनीच आम्ही आधी बेजार आहोत.

पंक्चरसम्राट

आता वादाचा मुद्दा काढतो. असे धागे काढूच नयेत असं माझं मत आहे. लोक इथून रस्ता उचलतात, स्ट्राव्हावर (सायकलवाल्यांचं ॲप) टाकतात, पुढच्या महिन्यात पन्नास जणांची "अंजीर राइड" निघते, बॅनर लागतात, ड्रोन उडतात. लवासाचा रस्ता असाच संपला.

घाटमाथा

लवासाचा रस्ता सायकलवाल्यांनी नाही, मोटारवाल्यांनी संपवला. पन्नास सायकली गेल्या म्हणून कोणाच्या झोपा उडत नाहीत. उलट रस्ता वापरात दिसला तर त्याची डागडुजी होते.

पंक्चरसम्राट

पन्नास सायकलींबरोबर दहा मोटारी येतात. नवऱ्याचे, बायकोचे फोटो काढायला. मी मोजत बसलोय कधीकधी.

चिंगी_सायकलवाली

दोघांचंही अर्धं बरोबर आहे. गट मोठा असेल तर आठ-आठच्या तुकड्या करा आणि पंधरा मिनिटांच्या अंतराने सोडा. अरुंद रस्त्यावर पिकअपवाल्याला आठ जण ओलांडता येतात, पन्नास नाही.

द्राक्षपंढरी

नाशिकवरून. इकडेही हाच नियम, फक्त फळ वेगळं. गंगापूर, गिरणारे, दिंडोरी भागातले रस्ते सायकलला देखणे आहेत, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी ऐन भरात असते, तेव्हा क्रेटचे टेम्पो आणि निर्यातीच्या गाड्या दिवसभर. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतरचे (फळ धरण्यासाठीची छाटणी) काही आठवडे फवारण्यांचे. त्या काळात बागांच्या रांगांमधून जाताना डोळे चुरचुरतात. मला विचाराल तर एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (काढणी संपल्यावरची छाटणी) पहाटेचा रस्ता सगळ्यात रिकामा. बागा उघड्याबोडक्या असतात, तेवढं सोसा.

नदी बघायची असेल तर निफाडकडून नांदूरमध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचा बंधारा, त्यामागे साचलेलं उथळ पाणी, नोव्हेंबर ते फेब्रुवारी पक्ष्यांनी भरलेलं. २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालं ते हेच. चापडगाव, खाणगाव थडी या बाजूने बारीक रस्ते आहेत. ऊस चालू झाला की मात्र दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. संध्याकाळी त्या रस्त्यावर थांबू नका.

घाटमाथा

उसाचा मुद्दा नीरेलाही लागू. सोमेश्वरनगर, माळेगाव हे कारखाने चालू असले की नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल नीरेच्या खालच्या अंगाचे सगळे रस्ते ट्रॅक्टरचे. बैलगाड्याही असतात, त्यांचा त्रास नाही. म्हणून दक्षिणेची फेरी वीर-मांडकीपर्यंतच ठेवा आणि जेऊरकडून वर या, निंबुतच्या खाली उतरू नका.

मांडवीकाठ

गोव्यातून एक ओळ. आमच्याकडे बाग म्हणजे कुळागर. माशेलहून सावईवेरें, केरी असा रस्ता घ्या, दोन्ही बाजूंना माड, पोफळी, वर मिरीचे वेल, मध्येच अननस. उन्हाळ्यात दुपारीसुद्धा सावली. वळवईला फेरीबोटीने मांडवी ओलांडायची मजा वेगळीच. पण खनिजाची वाहतूक चालू असेल तेव्हा पलीकडच्या तीरावर तांबडी धूळ आणि टिपर, तेव्हा आधी चौकशी करा. आणि चढ आहेत हां, नकाशावर दिसत नाहीत तसले.

टवाळखोर

"एक ओळ."

मांडवीकाठ

गोव्यात ओळ लांब असते. निवांत, निवांत.

बेटुवेकर

इथे नेदरलँड्समध्ये बेटुवे नावाचा भाग आहे, वाल आणि नेडररेन या दोन नद्यांमधला. सफरचंद, नासपती, चेरी. एप्रिलच्या मध्याला फुलोरा येतो तेव्हा बांधांवरून (खऱ्या अर्थाने नदीचे बांध, वर रस्ता) सायकल चालवायला लांबून लोक येतात. मी तीलजवळ राहतो.

एक गोष्ट आपल्याकडे सहज करता येईल. इथे सायकलमार्गांच्या प्रत्येक छेदावर एक क्रमांक असतो. घरून निघताना कागदावर फक्त आकडे लिहायचे, २३, ४१, ४२, ६०. प्रत्येक खांबावर पुढच्या आकड्याचा बाण. मोबाइल लागत नाही. ही पद्धत १९९५ मध्ये बेल्जियमच्या लिम्बर्गमध्ये सुरू झाली. एका खाण अभियंत्याच्या डोक्यातून आली म्हणतात, खाणीतल्या बोगद्यांच्या छेदांना आकडे असतात त्यावरून. लिम्बर्गचा दक्षिण भागही फळबागांचाच आहे.

पण निवांतपणाचं म्हणाल तर फुलोऱ्याच्या रविवारी आमच्या बांधावर मोटारसायकलींचे ताफे असतात, कान किटतात. तेव्हा आम्हीही मंगळवारी सुट्टी काढतो. तोडणीच्या दिवसांत, म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबर, खोक्यांच्या गाड्या लावलेले ट्रॅक्टर असतातच. @बागायतदार_पुरंदर यांचं गणित इथेही तेच.

जुनी_खोड

आपल्याकडे खांबाला आकडा लावला तर दुसऱ्या दिवशी त्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स.

बागायतदार_पुरंदर

आकडे लावायला गावं राहिली पाहिजेत आधी. घाटमाथा साहेबांनी ईशान्येची जी नावं लिहिली, त्यातली कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी ही पुरंदरच्या नियोजित विमानतळात जाणाऱ्या सात गावांत आहेत. बाकीची एखतपूर, मुंजवडी, खानवडी, पारगाव. खानवडी म्हणजे महात्मा फुल्यांच्या घराण्याचं गाव. राजकारण काढत नाही, धागा सायकलचा आहे. एवढंच की बघायचंय ते लवकर बघून घ्या.

चिंगी_सायकलवाली

हे नकाशावर बघताना लक्षातच येत नाही. दादा, तुमची बाग त्यात आहे का?

बागायतदार_पुरंदर

माझी नाही. मेव्हण्याची आहे.

संयमित_संपादक

विमानतळावर स्वतंत्र धागा आहे, ती चर्चा कृपया तिकडे. इथे रस्ते आणि सायकल.

द्राक्षपंढरी

अवांतर: पुरंदरच्या बागांना पाणी कुठून येतं? कऱ्हा तर बहुतेक काळ कोरडीच दिसते.

बागायतदार_पुरंदर

तालुका पर्जन्यछायेतला. कऱ्हेला पाणी पावसाळ्यात, तेही मनात असेल तर. विहिरी, शेततळी, ठिबक यावरच बागा उभ्या आहेत. त्यात पुरंदर उपसा योजना. कोरेगाव मूळपाशी मुळा-मुठेचं पाणी उचलून वर आणतात. म्हणजे पुण्यानं वापरून सोडलेलं पाणी. वासाची तक्रार आम्ही करतोच, पण टाकीत आलं की मोटार चालू करतो. तुम्ही पुणेकर सकाळी आंघोळ करता, आणि मग आमच्याकडं सीताफळ घ्यायला येता.

पण कऱ्हेला कमी लेखू नका. २०१९ च्या सप्टेंबरात रात्रीत अशी आली की नाझऱ्यातून पाणी सोडावं लागलं आणि खाली बारामतीपर्यंत लोक हलवले. नदीवरचे फरशी पूल बुटके आहेत. पावसाळ्यात पुलावरून घोटाभर जरी पाणी वाहत असलं तरी सायकल घालू नका. खाली फरशी शेवाळलेली असते, कठडा नसतो.

टवाळखोर

@बागायतदार_पुरंदर, आता सीताफळ खाताना मला माझीच ओळख पटेल.

पंक्चरसम्राट

कालव्याच्या रस्त्याबद्दल कोणी बोललं नाही. नीरा डाव्या कालव्याच्या भरावावरून मस्त सपाट वाट आहे, झाडं आहेत, गाड्या नाहीत. मुरूम आहे, ३५ चा टायर हवा.

घाटमाथा

तो रस्ता पाटबंधारे खात्याचा. देखभालीसाठी आहे, सार्वजनिक रहदारीसाठी नाही. गावकरी वापरतात ते वेगळं. कालव्याला आवर्तन (पाणी सोडण्याची पाळी) चालू असताना कडा भुसभुशीत होते आणि पाण्याला ओढ असते, पडलात तर उभ्या काठावरून वर येता येत नाही. एकट्याने तर मुळीच नको. मी सुचवणार नाही.

पंक्चरसम्राट

तुम्ही मागे स्वतःच तिथला फोटो टाकला होता.

घाटमाथा

फोटो पुलावरून काढला होता. 😀

चिंगी_सायकलवाली

मोरगावला पोचल्यावर वेळ असेल तर सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य बघा. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं माळरान, चिंकारा दिसतात. आत सायकलवरून हुंदडायची जागा नाही ती, बाहेर लावून चौकशी करा. बागांच्या हिरव्यानंतर ते पिवळं गवत बघून मला नेहमी वाटतं की हा सगळा भाग मुळात असाच असणार, बाग ही नंतरची मेहनत.

रिकामी_बाटली

चर्चा भलतीच रंगली. सगळ्यांचं ऐकून बेत असा करतोय, चुकत असेल तर बोला.

डिसेंबरात, शनिवारी. रविवारी नाही, गुरुवारी नाही. आठला सासवड. कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी, सिंगापूर, गुऱ्होळी, राजेवाडी, तिथून जेजुरीच्या अलीकडे हमरस्ता फक्त ओलांडायचा, नाझऱ्याकडून जवळार्जुन, पांडेश्वर. पांडेश्वरला जेवण बरोबर नेलेलं. मग त्याच वाटेने मागे, कारण वाऱ्याचा प्रश्न डिसेंबरात फारसा नाही. गट आठचा. टायर ३२ चे उसने मिळतायत.

मार्चमध्ये दुसरी फेरी: सासवड, परिंचे, वीर धरण, मांडकी, जेऊर. चिंगीताई, या फेरीला तुम्ही म्हणता तो निर्मनुष्य पट्टा येतो, पण गट असेल.

घाटमाथा

झकास. एकच दुरुस्ती. राजेवाडीला रेल्वे फाटक आहे, पुणे-मिरज लाइनचं. मालगाडी आली तर खोळंबा होतो, त्याला वैतागू नका, तिथेच चहा प्या. आणि परतताना त्याच वाटेने यायचं म्हणजे ऐंशीच्या आसपास जाईल, साठ-सत्तर नाही.

बागायतदार_पुरंदर

डिसेंबरात खट्टा बहाराचा माल चालू असेल. यायच्या आदल्या दिवशी इथं व्यक्तिगत निरोप टाका, कुणाच्या बागेत तोडणी आहे ते सांगतो. मागितलेलं अंजीर मिळेल. पैसे घेणार, पण मार्केट यार्डापेक्षा कमी.

टवाळखोर

आता मीही येतो. सायकल नाही माझ्याकडे, गाडी चालवीन.

रिकामी_बाटली

ठरलं, अंजिराची गाडी टवाळखोरांकडे. सासवडला आठ सायकली उतरवायला आणि दोन गाड्या दिवसभर लावायला जागा कुठे मिळेल? बसस्थानकाजवळ लावू देतात का?

जुनी_खोड

बसस्थानकाजवळ नको, आठवडे बाजाराच्या दिवशी अडकून पडाल. संगमेश्वराच्या बाजूला मोकळी जागा आहे. आधी कोणाला तरी विचारा, मग लावा.

चिंगी_सायकलवाली

आठात माझा एक धरा. लाल सायकल, मागे दोन दिवे.